दुसऱ्याच्या लढाईतला आपला माणूस



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करतो. पुढे महिनाभर मिस्साच्या हेतूंमध्ये तीच नावे येत राहतात. याच महिन्यात, ११ तारखेला सकाळी अकरा वाजता, कॅनडामध्ये सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. छातीवर खसखशीचे लाल फूल लावून लहानथोर आपल्या युद्धमृतांचे स्मरण करतात. आपल्या ओळखीतील कितीतरी कुटुंबांची मुले आता टोरांटो, मिसिसागा अशा शहरांत स्थायिक झाली आहेत. त्यांची मुलेही शाळेत ते फूल लावून जातात. त्यांच्यापैकी एखाद्याने सुट्टीत पनवेलला येऊन आजोबांना विचारले, "आपल्याकडचे कोण त्या युद्धात होते?" तर आजोबा काय सांगतील?

उत्तर फार दूर नाही. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघालो, पेण आणि कोलाड मागे टाकले, की माणगाव लागते. या माणगाव तालुक्यातील पळसगावचा एक तरुण, नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडला. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. म्हणजे मृत्यूसमयी वय अवघे बावीस. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो एका छोट्या तुकडीचा प्रमुख होता. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या ठाण्यावर चढाई करताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्या तुकडीतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. मागून येणारे कोणी उरलेले नाही, हे ठाऊक असूनही तो एकटा धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने ती मशीनगन आणि ती चालवणारा यांना निकामी केले. दुसऱ्या एकाला गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याच्या घावांनी मारले. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्याने प्राण सोडला. मृत्यूनंतर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला.

हे वर्णन आम्ही मुद्दाम सौम्य केलेले नाही. युद्ध म्हणजे काय, हे त्या शेवटच्या दोन घावांतच आहे. आणि जो प्रश्न आज आम्हांला तुमच्यापुढे ठेवायचा आहे तोही तिथेच आहे. हा तरुण कोणासाठी लढला? पारतंत्र्यातील देशाचा मुलगा, राज्यकर्त्याच्या सैन्यात, तिसऱ्याच देशाच्या डोंगरात, चौथ्याच देशाच्या मुलांशी लढून मेला. याला आपण हुतात्मा म्हणावे का? भाडोत्री म्हणावे? की गप्प बसावे? स्वातंत्र्यानंतर आपण बहुतेकांनी तिसरा मार्ग पत्करला. माणगावच्या लोकांनी त्यांची आठवण जपली आहे हे खरे, पण पाठ्यपुस्तकांतून आणि घरातल्या गोष्टींतून असे हजारो सैनिक जवळजवळ नाहीसे झाले. मौनामागचे कारणही समजण्यासारखे आहे. साम्राज्याची बाजू घेतल्यासारखे होईल अशी भीती आपल्याला वाटते.

ही अडचण नीट समजण्यासाठी पुन्हा कॅनडाकडे पाहू. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. त्यांनी एकाही लोकप्रतिनिधीला विचारले नाही. कॅनडाचे तसे झाले नाही. तेथील संसदेत चर्चा झाली आणि १० सप्टेंबरला, एक आठवड्यानंतर, कॅनडाने आपला स्वतंत्र निर्णय जाहीर केला. राजा एकच, शत्रू एकच. पण एका देशाने होकार दिला आणि दुसऱ्याच्या वतीने परस्पर होकार दिला गेला. निषेध म्हणून १९३९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

सुमारे १ कोटी १० लाख लोकवस्तीच्या कॅनडातून १० लाखांहून अधिक स्त्री-पुरुष या युद्धात गणवेश चढवून उभे राहिले आणि ४५,००० पेक्षा जास्त मरण पावले. अटलांटिक महासागरात मालवाहू जहाजांच्या काफिल्यांचे रक्षण, १९ ऑगस्ट १९४२ चा दिएपचा भीषण पराभव, १९४३ च्या जुलैत सिसिली, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीचा जुनो किनारा, आणि शेवटी हॉलंडची मुक्तता, असा त्यांचा प्रवास झाला. भारताच्या सैन्यात सुमारे २५ लाख जण स्वेच्छेने भरती झाले. त्यांतील सुमारे ८७,००० परतले नाहीत. इतिहासातील ती सर्वांत मोठी स्वयंसेवी सेना मानली जाते.

हे दोन्ही देशांचे सैनिक इटलीत शेजारी-शेजारी लढले. डिसेंबर १९४३ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्याजवळ मोरो नदीपाशी कॅनेडियन डिव्हिजन ऑर्तोना शहराकडे सरकत होती, तेव्हा तिच्या डाव्या अंगाला आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. मे १९४४ मध्ये कॅसिनोजवळ गारी नदी ओलांडताना भारतीय पायदळाच्या मदतीला कॅनेडियन रणगाडे होते. उत्तरेकडच्या सेनियो नदीकाठी १९४४-४५ च्या हिवाळ्यात कॅनेडियन सैनिकांनी चिखलात दिवस काढले. त्याच नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी पहिल्या मराठा बटालियनच्या शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना, एकेकाला उचलून, नदीपार आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुरक्षित आणले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. ते आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि सुदैवाने ते घरी परतले.

आता न्यायाचा प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धासाठी तीन अटी सांगितल्या आहेत. ज्याला अधिकार आहे त्यानेच युद्ध पुकारले पाहिजे. कारण न्याय्य असले पाहिजे. आणि हेतू शुद्ध असला पाहिजे, म्हणजे सूड किंवा लोभ नव्हे तर शांती आणि कल्याण. पुढच्या विचारवंतांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला: युद्ध न्याय्य असले तरी ते लढण्याच्या रीतीलाही मर्यादा आहेत.

या मापाने मोजले तर यशवंत घाडगे यांची स्थिती विलक्षण आहे. दुसरी अट पुरी होते, पहिली होत नाही. नाझी सत्तेला थोपवणे हे न्याय्य कारण होते याविषयी आज शंका घ्यायला जागा नाही. पण ज्याने भारताच्या नावाने आज्ञा दिली, त्याला भारताने तो अधिकार दिलेला नव्हता. कारण बरोबर, आज्ञा देणारा हात चुकीचा. मग त्या आज्ञेने झालेल्या कृत्याचे मोल काय?

कोणी म्हणेल, सैनिकाने आज्ञा पाळली, प्रश्न संपला. संत ऑगस्टीन यांनीही म्हटले आहे की आज्ञा अन्याय्य असली तर दोष राजाचा. पाळणारा सैनिक निर्दोष असू शकतो. पण हे उत्तर एकट्याने पुरे पडत नाही. मशीनगनमागच्या त्या चार जणांनीही आज्ञाच पाळली होती. "आम्ही केवळ हुकूम पाळला" ही सबब १९४५-४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी नेत्यांकडून स्वीकारली नाही. त्याच्या आधीच एका साध्या शेतकऱ्याने ती नाकारली होती. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर हे तीन मुलींचे वडील आणि आपल्या खेड्यातील चर्चचे सेवक. हिटलरसाठी शस्त्र उचलणे पाप आहे अशी त्यांची खात्री झाली. बायकामुलांचा विचार करा, असे त्यांच्या बिशपांनीही समजावून पाहिले. ते बधले नाहीत. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. आज्ञापालन हा सद्गुण आहे, पण तो विवेकाची जागा घेऊ शकत नाही, ही त्यांच्या मरणाची साक्ष आहे.

दुसरा कोणी म्हणेल, संमती हीच खरी कसोटी. कॅनडाचा सैनिक स्वतंत्र देशाचा म्हणून त्याचे बलिदान मोठे, आपला सैनिक गुलाम देशाचा म्हणून त्याचे कमी. हेही तपासून पाहू. कॅनडातही सगळ्यांची संमती नव्हती. फ्रेंच बोलणारा आणि बहुसंख्य कॅथलिक असलेला क्यूबेक प्रांत या युद्धाकडे इंग्लंडची लढाई म्हणून पाहत होता. परदेशी लढण्यासाठी सक्तीची भरती करण्याची मोकळीक सरकारला द्यावी का, यावर २७ एप्रिल १९४२ रोजी सार्वमत झाले. देशाने होकार दिला, पण क्यूबेकने मोठ्या बहुमताने नकार दिला. तरीही त्याच क्यूबेकच्या एका पलटणीने १४ डिसेंबर १९४३ रोजी ऑर्तोनाजवळचे कासा बेरार्डी हे शेतघर जिंकले. कॅप्टन पॉल त्रिके यांच्या हाताशी शेवटी वीस माणसेही उरली नव्हती. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅनडाच्या मूलनिवासी जमातींतूनही हजारो तरुण लढले, मात्र त्यांच्यातील बहुसंख्यांना देशाच्या निवडणुकीत बिनशर्त मतदानाचा हक्क मिळाला तो १९६० मध्ये. ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या भारतीयांना मतासाठी १९४७ उजाडावे लागले. आणि लोकशाहीसाठी लढणाऱ्या त्याच सरकारने १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत आणि दूरच्या वसाहतींत पाठवले.

म्हणजे स्वतंत्र देशाच्या होकारातही अन्यायाची मिसळ असते. कॅनडाला कमी लेखण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. हॉलंडमधील लोक आजही त्यांच्या कबरींवर फुले वाहतात, ते उगीच नव्हे. पण ज्या दिवशी शासनाचे हात पूर्ण स्वच्छ होतील त्या दिवशीच सैनिकाला मान देऊ असे म्हटले, तर जगातील एकाही सैनिकाला कधी मान देता येणार नाही.

तर मग त्या टेकडीवर नेमके काय घडले, याकडेच पाहावे लागेल. घाडगे पडले त्याच्या अकरा दिवस आधी, २९ जून १९४४ रोजी, संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाच्या दिवशी, शेजारच्या अरेझ्झो प्रांतातील चिवितेला या गावात आणि आसपासच्या वाड्यांत जर्मन सैन्याने दोनशेहून अधिक नि:शस्त्र गावकऱ्यांना ठार केले. तेथील धर्मगुरू फादर अल्चिदे लाझ्झेरी पुढे आले आणि, माझा जीव घ्या पण माझ्या लोकांना सोडा, अशी त्यांनी विनवणी केली. त्यांनाही मारण्यात आले. एका धर्मग्रामाची सेवा करणाऱ्या आम्हांला हा प्रसंग वाचून पुढे सरकता येत नाही. ज्या सैन्याची ठाणी मराठा जवान एकेक करून मागे रेटत होते, त्या सैन्याच्या ताब्यातील गावांवर हे संकट होते. ते सैन्य जितके लवकर मागे हटेल, तितकी गावे वाचणार होती. पळसगावच्या मुलाने टायबरच्या खोऱ्यात जे केले, त्याचा उपयोग साम्राज्याला झाला हे खरे. पण त्याहून आधी तो त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना, त्यांच्या बायकामुलांना आणि त्यांच्या पाद्रीबाबांना झाला.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आज्ञा देणाऱ्याचा अधिकार, युद्धाचे कारण आणि माणसाचे कृत्य या तीन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे. आज्ञा देणाऱ्याला अधिकार नव्हता, हा दोष त्याच्या खात्यावर राहतो आणि घाडगे यांच्या शौर्याने तो पुसला जात नाही. त्याच न्यायाने घाडगे यांनी केलेले भले त्यांच्या खात्यावर राहते आणि व्हाइसरॉयच्या अन्यायाने ते पुसले जात नाही. सावकाराने गड्याला वेठीला धरले आणि त्या गड्याने वाटेत बुडणाऱ्या पोराला वाचवले, तर वेठ अन्यायाचीच राहील. पण पोर वाचवण्याचे पुण्य सावकाराचे होत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कारण न्याय्य होते म्हणून त्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य ठरत नाही. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी माँते कॅसिनोचा मठ उद्ध्वस्त केला. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापन केलेला हा मठ. त्या डोंगरावर चढाई करण्याचे काम चौथ्या भारतीय डिव्हिजनकडे होते आणि बॉम्बफेकीची मागणी तिच्या ब्रिटिश सेनापतीचीच होती. आपल्या जवानांचे प्राण वाचावेत हा हेतू समजतो. पण मठात तेव्हा जर्मन सैनिक नव्हते. मेले ते आश्रयाला आलेले गावकरी. जर्मन सैनिक त्या ढिगाऱ्यात नंतर शिरले. तसेच जर्मनीतील शहरांवर रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकणाऱ्या विमानदलात सुमारे १०,००० कॅनेडियन तरुणांनी प्राण गमावले. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही. पण ज्या शहरांवर ते बॉम्ब पडले, तेथे आजीबाई आणि तान्ही मुलेही होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप ठरवले, ते ही स्मृती ताजी असतानाच. समोर मशीनगन चालवणाऱ्याला मारणे आणि झोपलेल्या शहराला जाळणे यांत फरक आहे. आपल्या बाजूच्या लोकांनी केले म्हणून तो फरक विसरू नये.

येथे आपल्याच जिल्ह्यातील दोन माणसांना साक्षीला बोलावू या. पनवेलच्या वेशीबाहेर शिरढोण आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांनी याच साम्राज्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवला. पेण तालुक्यात गागोदे आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. गांधीजींनी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला तेव्हा पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे त्यांनी या युद्धाला माणसांची किंवा पैशांची मदत करू नये असे जाहीरपणे सांगितले आणि तुरुंगात गेले. शिरढोण, गागोदे, पळसगाव. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड या एकाच जिल्ह्यातील तीन गावे. एक साम्राज्याविरुद्ध लढला, एकाने साम्राज्याचे युद्ध नाकारले, एक साम्राज्याच्या गणवेशात मेला.

तिघांनाही मान देणे हा दुटप्पीपणा नाही का? आम्हांला तसे वाटत नाही, पण हा प्रश्न झटकून टाकण्यासारखाही नाही. विनोबांनी जे सत्य धरले ते असे: ज्याच्या हातून माझे स्वातंत्र्य हिरावले गेले आहे, त्याने दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या नावाने माझ्याकडे प्राण मागू नयेत. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा या सत्याची धार किती तीव्र होती हे जगाला दिसले. परंतु विनोबांच्या नकाराने चिवितेला वाचणार नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. आणि घाडगे यांच्या शौर्याने रायगड स्वतंत्र होणार नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर नाझींचा विजय हे अधिक मोठे संकट मानून युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला. १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे त्यांचा आग्रह होता. एकाच काळात, एकाच देशात, प्रामाणिक माणसांचे विवेक वेगवेगळ्या दिशांना गेले. एकाच माणसाला दोन्ही वाटांनी एकदम जाता आले नसते. प्रत्येकाने एक सत्य हाती धरले आणि त्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजली. इतरांना मरणाच्या दारी पाठवून स्वतः मागे राहणारा माणूस या तिघांत कोणी नाही.

मग आपण या लोकांचे काय देणे लागतो? इटलीतील माँतोने या छोट्या गावाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. जुलै २०२३ मध्ये तेथे यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावरील लॅटिन ब्रीदाचा अर्थ होतो: आपण सारे एकाच सूर्याखाली. त्या गावाने व्हिक्टोरिया क्रॉसकडे पाहिले असेल, पण ब्रिटिश साम्राज्याचे गुणगान त्या स्मारकात नाही. एक परका तरुण आपल्या मातीत पडला, त्याचे उपकार मानायचे, एवढेच त्यांनी केले. ज्यांना लाभ झाला त्यांनी ऐंशी वर्षांनीही ऋण मान्य केले. ज्यांचा तो मुलगा, त्यांनी निदान त्याचे नाव तरी घ्यावे.

हा प्रश्न जुना झाला असे समजू नका. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातील काही तरुण नोकरीच्या आमिषाने रशियात गेले आणि युक्रेनच्या युद्धात लोटले गेले. त्यांतील काही मरण पावल्याचे भारत सरकारनेही २०२४ मध्ये सांगितले. बेकारी, घरावरचे कर्ज, एजंटने दाखवलेला पगाराचा आकडा, हे सारे आपल्यालाही परिचयाचे आहे. गरिबाच्या मुलाला दुसऱ्याची लढाई नेहमी पगाराच्या रूपातच भेटते. म्हणून आपल्या घरातील मुलामुलींनी, मग ते सैन्यात जावोत, पोलिसांत जावोत, परदेशी कंपनीत सुरक्षारक्षक म्हणून जावोत, सही करण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. मला आज्ञा देणारा कोण आणि त्याला तो अधिकार कोणी दिला? कशासाठी मला हे करायचे आहे? आणि कोणती गोष्ट मी, कोणीही सांगितले तरी, करणार नाही? हा शेवटचा प्रश्न आधीच ठरवून ठेवावा लागतो. गोळ्या सुरू झाल्यावर विचाराला वेळ मिळत नाही. आई-वडिलांनीही हे प्रश्न मुलांना विचारावेत. "पगार किती?" हा प्रश्न त्यांच्यानंतर यावा.

या महिन्यात प्रार्थना करताना आपण एक छोटी गोष्ट करू शकतो. आपल्या मृतांच्या नावांसोबत पळसगावच्या यशवंत घाडगे यांचे नाव घेऊ या. ऑर्तोनाच्या शेतघरापाशी पडलेल्या क्यूबेकच्या मुलांना आठवू या. चिवितेलाचे गावकरी आणि त्यांचे फादर, कॅसिनोच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेलेले निर्वासित यांच्यासाठी प्रार्थना करू या. आणि त्या मशीनगनमागच्या चार जर्मन तरुणांसाठीही. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्याही आयांनी नोव्हेंबरात मेणबत्त्या लावल्या असतील. त्यांच्या बाजूचे कारण अन्याय्य होते, हे आपण म्हटलेच आहे. पण त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नाही. ते ज्याचे आहे त्याच्यावर सोपवू या, आणि आपल्या वाट्याला जेव्हा आज्ञा येईल तेव्हा डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहण्याचे बळ मागू या.

तुमचे धर्मगुरू